साळूचे बीळ आणि टिटवीची हाक

डोंगराच्या मावळतीकडच्या उतारावर एक जंगल होते, आणि त्या जंगलात एक म्हातारी साळू राहत असे. साळू म्हणजे साळिंदर, मुलांनो. ते तुम्ही पाहिले नसेल, पण त्याचा काळापांढरा काटा कुणीतरी तुम्हांला नक्की दाखवला असेल. साळू हा रात्री हिंडणारा आणि दिवसा झोपणारा प्राणी. या साळूला मात्र दिवसाही झोप लागत नसे, कारण तिला काळजी करण्याची सवय होती. पाऊस पडला तर बिळात पाणी शिरेल, नाही पडला तर कंद वाळतील. आणि यांपैकी काहीच झाले नाही, तर आपण काही विसरत तर नाही ना, ही तिसरी काळजी तयार असे. काळजी वाढली की तिचे काटे थरथरत आणि त्यांचा खडखड आवाज होई. मग आपली भीती सगळ्यांना ऐकू गेली म्हणून ती आणखीच ओशाळत असे.

पण तिच्या एका काळजीला खरेच कारण होते. पूर्वी ती डोंगराच्या पलीकडे आपल्या गणगोतासह एका मोठ्या बिळात राहत असे. एका उन्हाळ्यात तिथे वणवा आला. आग गवतावरून सरसर पुढे गेली, ती काही बिळात आली नाही. बिळात आला तो धूर. 'बिळाचे तोंड कुणीतरी बुजवेल' असे प्रत्येकाला वाटले, म्हणून ते कुणीच बुजवले नाही. साळू तेवढी मागच्या तोंडाने बाहेर पडली. तिच्यामागून कुणी आले नाही.

त्यानंतर ती या उतारावर आली आणि तिने नवे बीळ खणले. आत ऐसपैस जागा ठेवली आणि बाहेर पडायला तीन तोंडे ठेवली. पुढचा वणवा येईल तेव्हा आपल्याबरोबर जे असतील ते सगळे जिवंत बाहेर आले पाहिजेत, असे तिने मनाशी ठरवले. त्यासाठी काय करायचे, हेही तिने पुन्हा पुन्हा विचार करून ठरवले होते. बिळाभोवतीचे वाळके गवत काढून मोकळा पट्टा ठेवायचा. झऱ्यावरून चिखल आणून तिन्ही तोंडांशी ओले ढीग करून ठेवायचे. आणि वणव्याची चाहूल लागताच, धूर पोचायच्या आत, आतून तोंडे लिंपून टाकायची. सगळे अवलंबून होते ते चाहूल लवकर लागण्यावर. उशीर झाला की चिखल असून उपयोग नव्हता.

हे एकटीचे काम नव्हते. साळूने सोबती शोधायला सुरुवात केली.

पहिली आली टिटवी. बिळाच्या वर एक उघडा कातळ होता. तिथे खड्यांमध्ये तिची अंडी होती. टिटवीला उडता येते, पण तिच्या पिलांना कुठले येणार? "मी पहारा करीन," ती म्हणाली. "धूर दिसला की हाक देईन, धूर सरला की पुन्हा देईन. माझी पिलं मात्र तुम्ही बिळात घ्यायची."

मग आली घोरपड. चालायला मंद, पण नखांनी माती उकरण्यात पटाईत. तिला पाहताच टिटवीने पंख पसरले. "घोरपडमावशी, तुमची जात अंडी खाणारी. माझी खाल का?"

घोरपडीने जीभ बाहेर काढून आत घेतली. "तोंडाला पाणी सुटतं खरं. खोटं कशाला बोलू? म्हणून मी कातळावरून येणारच नाही. झऱ्याकडून वळसा घालून येत जाईन."

आणि ती खरोखरच वळसा घालून येऊ लागली. भर उन्हात, पोट घासत, रोज.

तिसरा आला ससा. चपळ, कामसू, आणि कुणाच्याही बोलण्यावर चटकन भुलणारा.

एवढे झाले तरी साळूच्या जिवाला स्वस्थता नव्हती. 'आपण सगळे भित्रे जमलो आहोत,' तिला वाटे. 'वेळ आली तर खंबीरपणे उभे राहणारे कुणी नको का?' अशातच एके सकाळी बिळात नाग शिरला. ससा कोपऱ्यात दगडासारखा थिजला. साळूचे काटे इतके वाजू लागले की आत काही ऐकू येईना. तेवढ्यात जवळून जाणारे एक मुंगूस आत घुसले आणि बघता बघता त्याने नागाचा फडशा पाडला. सगळा उतार त्याला मुंगसोबा म्हणून ओळखत असे. साळूने त्याला तिथल्या तिथे हात जोडले आणि आपल्या या छोट्या मंडळात बोलावले.

"येईन की," मुंगसोबा मिशा साफ करत म्हणाला. "तुमच्यात कुणीतरी मर्द हवाच होता."

मुंगसोबा खरेच कर्तबगार होता, हे आधी सांगायला हवे. इतरांना ढीगभर माती उकरायला जेवढा वेळ लागे, तेवढ्यात तो दोन ढीग उकरी. त्याच्या धाकाने नागच काय, साधा सरडाही बिळाकडे फिरकेनासा झाला. संध्याकाळी तो तोंडाशी बसून नागाची गोष्ट सांगे. दर वेळी नाग थोडा लांब होई, पण त्याला कुणाची हरकत नव्हती.

पहाऱ्यावर असताना टिटवीला एकदा खालच्या माळावर काहीतरी करडे उठताना दिसले. तिने हाक दिली, "टिटीटिव! टिटीटिव!" सगळे धावले. तोंडे लिंपली. आत घामाघूम होऊन बसले. मग कळले की ती वावटळ होती.

"वा टिटूताई!" मुंगसोबा अंगावरची माती झटकत म्हणाला. "धुळीला आग लागली होती वाटतं."

सगळे हसले. साळूलाही हसू आले.

पुढच्या वेळी टिटवीने हाक दिली ती दरीतल्या सकाळच्या धुक्याला. पुन्हा लिंपणे, पुन्हा उकरणे. या वेळी मुंगसोबा लगेच काही बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशी झाडावरून पान पडले, तेव्हा त्याने टिटवीचा हुबेहूब आवाज काढला. "टिटीटिव! पान पडलं हो! लिंपा, लिंपा!" ससा हसून लोळला. मग हे रोजचेच झाले. सशाला शिंक आली, टिटीटिव. घोरपड वळसा घालून आली, टिटीटिव. "आभाळ पडेल म्हणून पाय वर करून झोपणारी हिची जात," मुंगसोबा म्हणे. "हिच्या भरवशावर जगायचं म्हणजे चिखल वाहूनच मरायचं." टिटवीही सगळ्यांबरोबर हसे. हसताना ती मान खाली घाली, एवढेच.

साळूशी मात्र तो वेगळे बोले. तिला बाजूला घेऊन, आवाज उतरवून. "साळूबाई, तुमच्यावर जीव आहे म्हणून सांगतो. घोरपड तुमच्यामागं काय म्हणते ठाऊक आहे? म्हातारीला भास होतात म्हणते."

साळूला ते फार लागले. ती घोरपडीशी बोलेनाशी झाली. पण मनात ठेवून तिला राहवेना. शेवटी तिने विचारलेच. "मावशी, मला भास होतात असं तुम्ही म्हणालात?"

"म्हणाले की," घोरपड म्हणाली. "तुमच्या तोंडावरच म्हणाले. झऱ्यावर, पाण्यात वाकडीतिकडी सावली बघून तुम्ही दचकलात तेव्हा. तुम्हीच हसला होतात."

साळूला आठवले. ती खरेच हसली होती.

त्यानंतर काही दिवसांनी, एका दुपारी, साळू बिळाबाहेर आली तर तिला वास आला. तो वास ती कधीच विसरणार नव्हती. मोकळ्या पट्ट्यावर काळ्या काड्या पडल्या होत्या. जळक्या गवताच्या, हलक्या, वाऱ्यावर आलेल्या. ती धापा टाकत कातळावर चढली. टिटवी तिथेच बसली होती. शेजारच्या डोंगराच्या अंगावर धुराची रेघ स्पष्ट दिसत होती.

"हे कधीपासून?"

"सकाळपासून बघतेय," टिटवी पुटपुटली.

"सकाळपासून? मग हाक का नाही दिलीस?"

टिटवीने धुराकडे पाहिले. मग म्हणाली, "आधी धुकं वाटलं. मग धूर वाटला. मग वाटलं, धुकंच निघालं तर? परत सगळ्यांना चिखल... आणि परत ते..." तिने मान खाली घातली. "नक्की झालं की देणारच होते हो, साळूबाई. अगदी नक्की झालं की."

नशीब एवढेच की मध्ये ओढ्याचे रुंद कोरडे पात्र होते. आग तिथे येऊन विझली. पण साळूला चैन पडेना. हाक द्यायला 'नक्की' होण्याची वाट पाहिली, तर नक्की होईपर्यंत धूर बिळात असतो, हे तिच्याइतके कुणाला ठाऊक होते?

ती मुंगसोबाकडे गेली.

"मुंगसोबा, थोडं बोलायचं होतं."

"बोला की. काटे वाजतायत म्हणजे मोठंच काहीतरी दिसतंय."

साळूने सगळे सांगितले. मुंगसोबाने डोळे विस्फारले. "माझ्यामुळं? अहो, मी मस्करी करतो. तिला मस्करी कळत नाही, हा माझा गुन्हा का? बरं, तुमच्या समाधानासाठी मी तिला सगळ्यांसमोर सांगतो. झालं?"

आणि त्याने सांगितले. संध्याकाळी सगळे जमले असता तो मागच्या दोन पायांवर उभा राहिला, मान लववली आणि म्हणाला, "टिटूताई, आजपासून तुम्ही बिनघोर हाक द्या. ढग सरकला तरी द्या, माशी शिंकली तरी द्या. मी अजिबात हसणार नाही. हे बघा, तोंड दाबून धरलं."

ससा खुदकन हसला. टिटवी "बरं" म्हणाली आणि कातळाकडे निघून गेली. मुंगसोबा साळूकडे वळला. "झालं ना तुमच्या मनासारखं?"

शब्द तर सगळे बरोबर होते. चूक कुठे दाखवणार? साळू बिळात जाऊन बसली आणि तिने स्वतःलाच फैलावर घेतले. 'मी नेभळट आहे म्हणून मला शूर प्राणी सहन होत नाही की काय? त्याने आपल्याला वाचवले, आणि मी त्याच्यातच खोट काढते आहे. तो गेला आणि नाग आला, तर? एखादे पिलू दगावले, तर ते कुणाच्या माथी?' विचार करकरून तिचे डोके शिणले. शेवटी ती घोरपडीकडे गेली.

"मावशी, माझंच चुकतंय का?"

"चुकत असेल," घोरपड म्हणाली. "पण तो गेल्यावर आपण चुकलो, तर 'चुकलो' असं म्हणता तरी येईल. तो असताना तेवढंही म्हणता येत नाही."

दुसऱ्या दिवशी साळूने सगळ्यांना बोलावले. तिचे काटे असे वाजत होते की जणू कुणी वाळक्या शेंगांचे झाड हलवत होते.

"मुंगसोबा, तुम्ही या मंडळात नको."

"काय म्हणालात? काट्यांच्या आवाजात ऐकू नाही आलं."

"तुम्ही आमच्यात नको," साळू मोठ्याने म्हणाली.

मुंगसोबाचे केस पिंजारले. "मी? नाग कुणी मारला? या सशाने? का त्या पाय वर करून झोपणारीने?"

"तुम्हीच मारलात. तो उपकार मी विसरणार नाही."

"अहो साळूबाई," ससा काकुळतीने म्हणाला, "पण परत नाग आला तर?"

"नाग आला तर एखाद्याला चावेल, सशा. हाक आली नाही तर सगळे जातील." साळू पुढे म्हणाली, "मुंगसोबा आल्यापासून नाग यायचे थांबले. आणि हाकही यायची थांबली."

मुंगसोबा तोंड वाकडे करून हसला. "भित्र्यांची भिशी आहे ही. चालू द्या. चल रे सशा! पलीकडं जुनं वारूळ आहे, मजबूत. आपण दोघं तिथं राहू. पहारा नको, चिखल नको. मी असताना कशाला हवंय?"

ससा एकदा साळूकडे बघी, एकदा मुंगसोबाकडे. शेवटी मान खाली घालून तो मुंगसोबाच्या मागे गेला.

आता राहिल्या तिघी. एक काळजीखोर, एक मंद आणि एक हाक द्यायला घाबरणारी. साळू बिळाच्या तोंडाशी बसली आणि तिला वाटले, आपण हाताने घर मोडले.

काही दिवस कातळावरून काहीच आवाज आला नाही. मग एका दुपारी, अगदी दबक्या आवाजात, हाक आली. "टिटीटिव?" जणू हाक नव्हे, प्रश्नच. साळू आणि घोरपड धावल्या. चिखल लावता लावता साळूच्या लक्षात आले की मागच्या तोंडापाशी ढीग पुरा पडत नाही. कशीबशी तोंडे बुजली. मग बाहेरून टिटवीचा रडवेला आवाज आला. "गुरं होती हो. गुरांची धूळ. माझं चुकलं."

घोरपड माती उकरून बाहेर आली. टिटवी पंखात मान घालून उभी होती.

"बरं झालं," घोरपड म्हणाली.

"काय बरं झालं?"

"मागच्या ढिगातली माती वाळून भुगा झालीय. आज कळलं. खरा वणवा असता तर आज आपण मेलो असतो. चला, झऱ्यावर जायला हवं." आणि ती चालू लागली. थोडी पुढे जाऊन थांबली. "टिटूताई, पुढच्या वेळी जरा मोठ्यानं ओरड. मला कमी ऐकू येतं."

टिटवी हसली. या वेळी तिने मान खाली घातली नाही.

त्यानंतर ती मोठ्याने ओरडू लागली. कधी वावटळ निघे, कधी ढगाची सावली, कधी दूर कुणाच्या तरी चुलीचा धूर. दर वेळी तिघी धावत, लिंपत, उकरत. दर वेळी थोडे लवकर होई. अंड्यांतून पिले बाहेर आली होती. तीही हाक ऐकली की तुरुतुरु बिळाकडे पळायला शिकली. त्यांना तो खेळच वाटे.

आणि मग उन्हाळ्याच्या ऐन कडाक्यात एका दुपारी वारा फिरला. टिटवीला खालच्या माळाच्या कडेला काहीतरी दिसले. धूर की धूळ, तिला सांगता आले नसते. तिने सांगायचा प्रयत्नही केला नाही. कातळावरून उडी घेऊन तिने पंखांत होते नव्हते ते बळ आणून हाक दिली.

"टिटीटिव! टिटीटिव! टिटीटिव!"

तो वणवाच होता. वाऱ्याने त्याला उताराच्या दिशेने फुंकर घातली, आणि वाळके गवत कडकड पेटत वर येऊ लागले. पण तो अजून लांब होता, आणि हाक आधी पोचली होती. पिले खेळाच्याच आनंदात बिळात शिरली. साळूने वरचे तोंड लिंपले. घोरपडीने मागचे. खालचे तोंड तेवढे उघडे राहिले होते.

"टिटूताई, आत ये!" साळू ओरडली.

पण टिटवी आत आली नाही. ती वारुळाकडे वळली. "टिटीटिव! सशा! मुंगसोबा! पळा! साळूबाईंकडं पळा!"

वारुळात मुंगसोबाने एक डोळा उघडला. "झाली सुरू बाई. पान पडलं असेल."

ससा मात्र ताठ उभा राहिला. त्याच्या नाकाला वास आला होता. तो बाणासारखा सुटला. तो पळालेला पाहून मुंगसोबाने डोके बाहेर काढले, आणि समोर लालभडक भिंत पाहताच सशाच्या मागे धूम ठोकली.

घोरपड तोंडाशी ओला चिखल घेऊन उभी होती. ससा तिच्या पायांखालून आत गेला. मागून मुंगसोबा, शेपटीचा गोंडा करपलेला. "लवकर ये," घोरपड म्हणाली, "आणि शेपटी आत घे, नाहीतर लिंपली जाईल." मग तिने चिखलाचा शेवटचा गोळा दाबला. आत काळोख झाला.

वरून वणवा गेला, तो आवाज काय सांगावा! जणू डोंगरच दात खात होता. माती तापली. पिले घोरपडीच्या पोटाला बिलगून बसली होती, आणि ती श्वास रोखल्यासारखी निश्चल पडली होती. हळूहळू आवाज वर, माथ्याकडे सरकला.

"गेला!" मुंगसोबा ओरडला. "गेला वणवा! उघडा ते मागचं तोंड! मी गुदमरतोय!"

"अजून नाही," साळू म्हणाली.

"तुम्हांला काय कळतंय? नाग मारलाय मी! सशा, उकर इकडं!" तो मागच्या तोंडाकडे झेपावला. सवयीने सशाचेही पाय हलले.

तेव्हा साळू उठली. तिने मागच्या तोंडाला आपले अंग टेकवले आणि सगळे काटे मुंगसोबाच्या दिशेने ताठ उभे केले. या वेळी ते वाजत नव्हते.

"टिटवी हाक देईल, तेव्हा हे तोंड उघडेल."

"टिटवी! अहो, पाखरू ते! केव्हाच उडून गेलं असेल. तुम्ही तिची वाट बघत इथं मरा."

साळूच्या मनातही क्षणभर तीच भीती चमकून गेली. टिटवीला धुराने गाठले असेल तर? पण मग तिला एक गोष्ट लख्ख कळली. शंका आली तरी जी हाक देते, ती गप्प असेल तर तिच्या गप्प राहण्यालाही अर्थ असतो. बाहेर अजून धूर आहे, म्हणून ती गप्प आहे.

"ती येईल," साळू म्हणाली.

"येणारच," घोरपड म्हणाली. "तिची पिलं माझ्या पोटाशी झोपलीत. माझ्या, म्हणजे घोरपडीच्या. एवढा भरवसा टाकून कुणी उडून जातं का?"

ससा मुंगसोबाकडे पाहत होता. मग तो हळूच सरकला आणि साळूच्या शेजारी येऊन तिच्यासारखाच मातीला पाठ टेकवून बसला. काटे त्याला टोचत होते, पण तो हलला नाही. मुंगसोबाने दात दाखवले, गुरगुरला आणि कोपऱ्यात जाऊन बसला.

हवा जड होत गेली. आणि मग, मातीच्या पलीकडून, बसलेल्या, खरखरीत आवाजात, पण अगदी स्पष्ट हाक आली.

"टिटीटिव!"

"उकरा!" साळू ओरडली. अशी आज्ञा तिने आयुष्यात पहिल्यांदाच दिली होती. घोरपडीची नखे, सशाचे पाय, साळूचे पंजे, सगळे एकदम चालू लागले. चिखलाचे पोपडे उडाले, आणि उजेडाचा एक झोत आत आला. उतार काळाठिक्कर पडला होता. झाडांची खोडे धुमसत होती. पण बिळाभोवतीच्या मोकळ्या पट्ट्यावर आग शिरली नव्हती, आणि त्या पट्ट्याच्या मधोमध टिटवी उभी होती. पंख काजळीने माखलेले, डोळे लाल झालेले. तिची पिले धावत तिच्याकडे गेली. मागून ससा, मग घोरपड, मग साळू, शेवटी मुंगसोबा. साळूने वळून बिळात पाहिले. या वेळी आत कुणीही राहिले नव्हते.

ती तिथेच मटकन खाली बसली आणि लहान मुलासारखी रडू लागली. रडता रडता हसू लागली. ससा राखेत कोलांट्या मारत सुटला. आणि टिटवी? टिटवी कातळावर चढली आणि ओरडली. कसलीही चाहूल नव्हती, कसलाही धूर येत नव्हता, तरी ओरडली. आवाज फुटेपर्यंत, डोंगर दुमदुमेपर्यंत ओरडली. जिवंत राहिलेल्या साऱ्या जंगलाने ते ऐकले, आणि कुणीही तिला गप्प बस म्हटले नाही.

मुंगसोबा सगळ्यांच्या मागे उभा होता. मिशा साफ करत म्हणाला, "तसं मला माहीतच होतं, ती येणार म्हणून." मग तो साळूजवळ आला. आवाज उतरवून म्हणाला, "साळूबाई, झालं गेलं विसरा. उद्यापासून येतो मी परत."

"वणवा आला की या," साळू डोळे पुसत म्हणाली. "पूर आला तरी या. तुमच्यासाठी तोंड उघडंच राहील. पण मंडळात नको."

"अजून राग आहे तर!"

"राग नाही हो. जीव वाचवायला विश्वास लागत नाही, तो कुणाचाही वाचवावा. पहारा वाटून घ्यायला मात्र विश्वास लागतो."

मुंगसोबा करपलेली शेपटी ओढत निघून गेला.

पुढे आसपासच्या उतारांवरून कितीतरी प्राणी साळूकडे आले. कुणी आपली ताकद सांगे, कुणी आपले दात दाखवी, कुणी पूर्वजांचे पराक्रम ऐकवी. साळू सगळ्यांचे ऐकून घेई. मग म्हणे, "छान. आधी आमच्याबरोबर चिखल वाहायला या. आणि टिटवीची हाक चुकली की तुम्ही काय म्हणता, ते ऐकू द्या."

तात्पर्य : संकटासाठी सोबती निवडताना तो किती शूर आहे हे नंतर पाहावे, त्याच्यासमोर इतरांना शंका बोलून दाखवायची भीती वाटत नाही ना, हे आधी पाहावे.